आमचा गडी सुखी

“आमच्या घरात गडी बी राजावानी ऱ्हातो. खोटं वाटत आसंल तर विचारा त्याला!” आप्पासाहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मिशीवरून हात फिरवला.

“बोलवा मग,” रंगुबाई म्हणाल्या.

आप्पासाहेबांचा हात मिशीवरच राहिला. असं कुणी खरंच विचारत नसतं.

पाहुणे कर्जतहून घर बघायला आले होते. मुलीचा बाप अजिनाथ आणि त्याची आई रंगुबाई. वीस एकर ऊस, बंगला, दारातली गाडी, सगळं दाखवून झालं होतं. अजिनाथ खूश होता. म्हातारी मात्र हलत नव्हती.

“शेत कुनाचं बी आसतं,” ती म्हणाली. “घरात परकं मानूस सुखी हाय का, ते बगते मी. सून बी परकीच आसती.”

आप्पासाहेबांचा रविराज चौतिशीला टेकला होता. शेती करणारा नवरा म्हटलं की पोरी फोन ठेवत होत्या. हे स्थळ गेलं तर पुढं अंधारच होता. म्हणून गड्याला बोलवायला मालक स्वतः उठले.

गडी कारभारी गोठ्यात शेण भरत होता.

“ऐक. पाव्हण्यांनी विचारलं तर सालाचा पगार दोन लाख चाळीस हजार सांगायचा.”

“नव्वद हाय की मालक.”

“मला ठावं हाय! लई सुखात हाय म्हनायचं. पोराचं लगीन मोडलं, तर तुझं साल बी मोडलं समज.”

तेवढ्यात मागच्या फाटकातून एक बाई मोबाईल घेऊन आत आली. धनश्री तिचं नाव. रेशनकार्डाच्या सर्व्हेला आली होती. कुणाला खरी गरज आहे ते वरून तपासायला सांगितलं होतं.

“आप्पासाहेब तुम्हीच ना? पिवळं कार्ड आहे तुमचं. वर्षाचं उत्पन्न सांगा.”

आप्पासाहेबांनी ओसरीकडं पाहिलं. तिथं दहा मिनिटांपूर्वी त्यांनी अठरा लाख सांगितले होते.

“चाळीस हजार,” ते हळूच म्हणाले.

बाईनं बंगल्याकडं पाहिलं.

“हे भावाचं हाय,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांना भाऊ नव्हता.

“शेवटचा प्रश्न. एक ते दहामध्ये तुम्ही किती सुखी?”

“हे कशाला?”

“वरून आलंय. मला विचारू नका.”

“एक लिवा. एकाच्या खाली काय आसंल तर ते लिवा.” रस्त्यापलीकडच्या वाल्मिकनं घरावर तिसरा मजला चढवल्यापासून हे उत्तर तसं खरंही होतं.

मागं कुणीतरी खाकरलं. हात धुवायला आलेला अजिनाथ नळापाशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“आप्पासाहेब,” अजिनाथ म्हणाला, “चाळीस लई झालं. आमी छत्तीस सांगतो.”

दोघं एकमेकांकडं बघून हसले. घराणं तोलामोलाचं निघालं होतं.

“माझ्याकडून जमलं म्हना,” अजिनाथ म्हणाला. “आता आईचं तेवढं बगा.”

धनश्री कारभारीकडं वळली. “तुमचंही पिवळंच कार्ड ना? तुमचं उत्पन्न?”

कारभारीनं तोंड उघडलं. घरात बायको कडूबाई, तीन लेकरं, आणि चूल रेशनच्या गव्हावर चालायची.

“बाई, हितंच लिवून घेता का? माझं साल...”

“हितं शेनात कशाला?” आप्पासाहेबांनी त्याचा दंड धरला. “वसरीवर चल. पाव्हणे खोळंबलेत.”

ओसरीवर रंगुबाई पाय दुमडून बसल्या होत्या. मोबाईलवाली बाई पाहून त्या सरळच झाल्या. “विचार बाई तूच. मी ऐकते.”

“वर्षाचं उत्पन्न?”

कारभारीनं बाईच्या मोबाईलकडं पाहिलं. मग मालकाकडं. मालक दातओठ खात हसत होते.

“दोन लाख चाळीस हजार,” कारभारी म्हणाला.

“आन् कापडं सांग की,” आप्पासाहेब म्हणाले. “आन् जवारी.”

“कापडं. जवारी. दवापानी.”

“नक्की ना?” धनश्रीनं विचारलं. “परत बदलता येत नाही हं.”

“नक्की हाय, नक्की!” आप्पासाहेब म्हणाले.

“एक ते दहामध्ये किती सुखी?”

रंगुबाई पुढं सरकल्या.

“धा,” कारभारी म्हणाला.

बाईनं मोबाईलवर बोट टेकवलं. रंगुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “माज्या नातीचं नशीब लई थोर,” त्या म्हणाल्या, आणि आप्पासाहेबांनी आत बायकोला आवाज दिला, “छबू, साखर आन गं!” कारभारीलाही चिमूटभर मिळाली. शेणाच्या हातामुळं त्यानं ती तोंडातच टाकून घेतली.

लग्न दणक्यात झालं. पंगतीत वाढायला कारभारी आणि कडूबाई दोघं होते.

पुढच्या महिन्यात रेशनच्या दुकानात कारभारीनं मशिनवर अंगठा ठेवला. पुसून परत ठेवला. मग डाव्या हाताचा ठेवून पाहिला.

“अंगठ्याला काय झालं न्हाई,” दुकानदार म्हणाला. “तुझं नाव उडालंय. उत्पन्न वाढलं तुझं. पेढे दे.”

तेवढ्यात गाडीतून छबूबाई मालकीण उतरल्या, अंगठा लावून परत गाडीत बसल्या. गव्हाचं पोतं त्यांनी कारभारीला आणायला सांगितलं. गाडीत टाकलं तर सीट खराब होतं.

कारभारीनं पोतं सायकलवर टाकलं. ओढ्याच्या उतारावर ते उसवलं आणि निम्मा गहू पाण्यात गेला. आप्पासाहेबांनी त्याचे पैसे सालातून कापून घेतले.