अर्धं राहिलेलं वाक्य

कुंदानं दुपारी स्टुलावर चढून वरच्या खिळ्याला गुंडाळलेली दोरी संध्याकाळी पुन्हा गॅलरीत खाली लोंबत होती. ऊन उतरलं म्हणून मामंजींनी बांबूच्या काड्यांचा पडदा वर ओढला होता, दोरी आरामखुर्चीजवळच्या खालच्या खिळ्याला अडकवली होती, आणि उरलेल्या दोरीचा हातभर फास तसाच सोडून खुशाल डोळे मिटले होते. गुडघे धरलेले, दर वेळी उठणार कोण?

हे रोजचंच होतं. सुनेनं वर बांधायची, सासऱ्यांनी खाली सोडायची. त्यात अडीच वर्षांच्या माणिकला बैल व्हायचं वेड. दोरी गळ्यात घालून ती हम्मा करायची आणि आजोबा खुर्चीतून हुर्र करायचे. कौतुक नुसतं. इकडे आईच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं, पण सांगायची सोय होती का? ‘मामंजी, एखाद्या दिवशी ही दोरी पोरीच्या’ एवढं म्हणेपर्यंत स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज यायचाच, की शुभ बोल गं बाई, वास्तू तथास्तु म्हणत असते. नवऱ्याला सांगावं, तर मधुकर बूट काढता काढता म्हणायचा, आईला आवडत नाही ना, मग कशाला तोंडातून काढतेस. किती दिवस झाले, त्या बाईचं एक वाक्य घरात कुणी पुरं होऊ दिलं नव्हतं.

मामंजींचा चहा घेऊन ती गॅलरीच्या दारात आली आणि तिथंच गारठली. तिनंच दुपारी विसरलेल्या स्टुलावर माणिक चढली होती. गळ्यात दोरी, डोकं खाली, बैल मुसंडी मारायच्या बेतात. स्टूल कलंडलं.

कपबशी कुठं पडली ते कुंदाला कळलंही नाही. तिनं पोरीला अधांतरीच झेललं, वर उचललं, मान सोडवली. क्षणभर पोर गप्प. मग तिनं असा टाहो फोडला, की ऐकून कुंदाच्या जिवात जीव आला. हनुवटीखाली लालभडक वळ उठला होता.

मामंजी दचकून उठले आणि काय झालं, काय झालं करत राहिले. सासूबाई धावत आल्या. वळ बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आत जाऊन त्यांनी मीठमोहऱ्या आणल्या आणि नातीवरून ओवाळायला लागल्या. ओवाळता ओवाळता म्हणाल्या, “सारखी तेच घोकत होतीस. झालं ना तुझ्या मनासारखं?”

पोरीला कडेवर घेऊनच कुंदानं मामंजींच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता उचलला आणि खिळ्याच्या वर दोरीला लावला. दोरी चिवट होती, दोन-तीनदा दाबावा लागला. मग पडदा खडखडत खाली आला आणि गॅलरीत अंधार झाला.

“अगं, चांगला पडदा…” मामंजी म्हणाले, आणि तिचा चेहरा बघून तिथंच थांबले.

“मामंजी,” कुंदा एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “एखाद्या दिवशी ही दोरी पोरीच्या गळ्याला फास लावून तिचा जीव घेईल.”

सासूबाईंची मोहऱ्यांची मूठ हवेतच राहिली. पण शुभ बोल काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

कुंदानं खिळ्याला राहिलेला फास सोडवला आणि भिंतीकडे बघितलं.

“म्हण आता तथास्तु,” ती म्हणाली, आणि दोरी शेगडीत घालायला आत गेली.