डावा बूट

२००४ साली नाशिकच्या एका शाळेत कारकून भरतीची परीक्षा होती. कॉपी होऊ नये म्हणून पर्यवेक्षक वर्गाच्या दाराशीच सगळ्यांना चपला-बूट काढायला लावत होते. माझ्या हॉलतिकिटावर ‘माजी सैनिक’ वाचून ते म्हणाले, “तुमचं बरंय काका, सवलतीत नोकरी. आम्ही रक्त आटवून शिकलो.” बारावी होऊन मी फौजेत गेलो होतो. कारगिलहून परतल्यावर सैनिक बोर्डानं फी भरली, पुस्तकं दिली, हे खरंच. पण तीन वर्षं दर रविवारी सटाण्याहून एसटीनं येऊन बीए झालो तो मीच. हे त्यांना सांगत बसलो नाही. “बूट काढा. नियम सगळ्यांना सारखा,” ते म्हणाले. मी पायरीवर बसलो, उजवा बूट काढला. मग पँट वर सारून पट्टे सोडले आणि डावा बूट पायासकट काढून चपलांच्या रांगेत उभा केला. पुण्याच्या दवाखान्यात फौजेनं बसवून दिलेला पाय होता तो, गुडघ्याखालचा. मी लंगडी घालत माझ्या बाकावर जाऊन बसलो. प्रश्नपत्रिका वाटून झाल्यावर पर्यवेक्षक तो पाय दोन्ही हातांत धरून आले. “आधी सांगायचं ना. घाला हा, तुम्हाला सूट आहे.” मी पहिला प्रश्न वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, “ठेवा सर, होता तिथंच. पेपर हातानं लिहायचाय.”