गळती कुठून?

नव्या नोकरीला परगावी मोटरसायकलनेच जायचं, हे लेकीचं ठरलं होतं. पण तीन दिवस रोज सकाळी इंजिनखाली तेलाचा डाग! शेवटी तिने इंजिन लख्ख पुसलं आणि वर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. तेल झिरपेल तिथेच पावडर ओली होणार. लेथ मशीनला अर्धं बोट देऊन निवृत्त झालेल्या बाबांनीच ही युक्ती तिला शिकवली होती.

सकाळी पावडर सगळीकडे कोरडी. फक्त खालच्या बोल्टपाशी ओली, आणि शेजारी बोटांचे ठसे. तीन लांब, एक आखूड.

“सापडली का गळती?” बाबांनी दारातूनच विचारलं.

“सापडली.” तिने पाना त्यांच्यापुढे धरला. “ज्याने बोल्ट सैल केला, त्यानेच आवळायचा. आणि दर रविवारी मी आले, की तपासायचाही.”