बुजगावण्याचा शर्ट

नवा शर्ट घेतला की कपाटातला एक जुना काढायचा, असा दीपमालानं नवऱ्याला नियम घालून दिला होता. युवराजला नव्याचा भारी सोस. निघालेले शर्ट तो “अण्णा, बुजगावण्याला घाला” म्हणत वडिलांच्या हवाली करायचा. आजही शर्टांची पिशवी घेऊन दोघं लोहाऱ्याहून गावाकडं निघाले. ज्वारी हुरड्यात आलेली. शेत दिसताच युवराजनं गाडी थांबवली नि हसत बोट दाखवलं. “बघ, माझ्या निळ्या शर्टात बुजगावणं कसं रुबाबात उभंय!” तेवढ्यात बुजगावण्यानं हात हलवला आणि ते बांधावरून लगबगीनं गाडीकडं आलं. “एवढा चांगला कपडा पाखरांसाठी कशाला? म्याच घातला. बराबर बसला बघ,” अण्णा बाही चाचपत म्हणाले. युवराजला त्यांच्याकडं बघवेना. दीपमालानं मांडीवरची पिशवी पदराआड ओढली. अण्णा कौतुकानं हसले. “लपवतीस कशाला, सूनबाई? मला काय आणलंय, दाव की!”