आठवा नॉब

केरकरबुवांना जाऊन वर्ष झालं, तरी शेजारच्या स्टुडिओत वाद्यांचा आवाज बदलणाऱ्या कंट्रोलरचे नॉब त्यांच्याच बोटांच्या सवयीने आपोआप फिरत होते. आपले वडील, आप्पा, गेल्यावर महिन्याभराने शलाकानेही धीर केला.

"माझ्या वडिलांचा हात लाव," ती आपल्या कंट्रोलरला म्हणाली.

तिने संगणकातली सतार लावली की आप्पा शेजारी बसून आठवा नॉब फिरवायचे. "घुमारा जरा कमी केला गं. आता कशी गोड वाटतेय!" तीही मान डोलवायची.

"त्यांची नोंदच नाही," कंट्रोलर म्हणाला. "जोडलेल्या नॉबचीच सवय साठते."

म्हाताऱ्याची लुडबूड नको म्हणून तो नॉब तिने कशालाच जोडला नव्हता.

शलाकाने तो हलकेच फिरवला. सतार होती तशीच वाजत राहिली.