शिडीची केस

हे लिहिणारच नव्हतो, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला. पण राहवलं नाही.

बाबा वकील. गावातली निम्मी भांडणं त्यांनी कोर्टात न नेता आमच्या बाहेरच्या खोलीतच मिटवली. आई गेली आणि त्यांनी कामच सोडलं. जो येईल त्याला एकच उत्तर, "दुसरा वकील बघा."

काल एका बाईंना त्यांनी असंच दारातून परत पाठवलं. तेवढ्यात माझा मित्र तावातावाने आत शिरला.

"काका, तुमच्या चिरंजीवांवर केस करायचीय! माझी शिडी नेली, आता परत देत नाही."

"कधीच दिली! खोटारडा!" मीही आवाज चढवला.

बाबांनी मान वर केली. "किती फुटी शिडी?"

"आठ," मित्र म्हणाला.

"सहा," मी म्हणालो. तेही एकदमच.

बाबा आमच्याकडे बघत राहिले. कितीतरी दिवसांनी हसले.

"गाढवांनो, खोटं भांडायचं तर आधी नीट ठरवून तरी यायचं!" मग चष्मा पुसत म्हणाले, "त्या बाई लांब गेल्या नसतील. बोलवून आणा."

आम्ही दोघंही पळालो. पळता पळताच मी मित्राला शब्द दिला, "बाबा पुन्हा गप्प झाले, तर भांडण मी उकरून काढीन. तू फक्त भांडायला ये."