सीटखालची बाटली

"अहो, त्याने सीटखालून बाटली काढली!" वृंदाताईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"पाणी असेल गं."

"पिवळं?"

ग्रीसमधल्या त्या डोंगरातल्या गावाला आठवड्यातून एकदाच बस, म्हणून त्यांनी पायथ्याशी ही टॅक्सी केली होती. म्हाताऱ्या ड्रायव्हरचे तांबारलेले डोळे वृंदाताईंना तेव्हाच खटकले होते. आता तर ऐन वळणावर, दरीच्या काठाला गाडी उभी करून तो बाटली घेऊन उतरला.

पण प्यायला नाही. कठड्यापाशी खांबावर पत्र्याचं चर्च होतं, पोस्टाच्या पेटीएवढं. त्याने त्यातल्या दिव्यात तेल ओतलं, वात पेटवली आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

वृंदाताई ओशाळल्या. "कोण गेलं तुमचं इथे?" त्यांनी हळूच इंग्रजीत विचारलं.

"कुणी नाही," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मीच गाडीसकट खाली गेलो होतो. वाचलो, म्हणून दिवा."

वृंदाताईंनी सीटबेल्ट आवळून घेतला. अजून अकरा वळणं बाकी होती. पुढच्याच वळणावर गाडीचा वेग मंदावला आणि म्हाताऱ्याचा हात पुन्हा सीटखाली गेला.